मावशी टॅक्स भरतात की नाही?

खाडीकाठची (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (ऐरोली, सेक्टर सांगत नाही) गेल्या आठवड्यात जुंपली. निमित्त फुटकळ. घरकामाला येणाऱ्या बायकांना क्लबहाऊसचं स्वच्छतागृह वापरू द्यायचं की नाही. त्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "टॅक्स आपण भरायचा, फुकटचं रेशन यांनी खायचं, वर लाडकी बहीणचे दीड हजार यांनीच घ्यायचे." खाली सतरा अंगठे.

दुसऱ्या दिवशी मावशी मार्टमधलं बिल घेऊन आल्या. त्यांचा मुलगा नववीत आहे, त्याने बिलाच्या खालच्या दोन ओळी वाचून दाखवल्या होत्या. "ताई, हे सीजीएसटी आणि एसजीएसटी कुणी भरायचं असतं?" मी म्हटलं, तुम्ही भरलात की. त्या थोडा वेळ बिलाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी पण भरते."

तर प्रश्न असा. मावशींचं घर महिना चोवीस हजारांत चालतं, आमचं दीड लाखात. साबण एकच, त्यावरचा कर एकच. हे न्याय्य आहे का? ग्रुपवर विचारायची हिंमत नाही, म्हणून इथे विचारतेय.

ठाण्याचा_ठोंब्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (पॉपकॉर्नवर किती टक्के, ते कुणीतरी सांगा.)

नौपाडा_सीए

ठोंब्या, तो प्रश्न काढू नका, त्यात आमचा एक अख्खा हंगाम गेला आहे.

खाडीकाठची ताई, प्रश्न जुना आहे आणि रास्त आहे. आयकर माणूस बघून लागतो, जीएसटी वस्तू बघून. दुकानदाराला गिऱ्हाइकाचा पगार ठाऊक नसतो. गरीब माणूस मिळालेलं बहुतेक सगळं खर्च करून टाकतो, वरच्या माणसाचं बरंच शिल्लक पडतं आणि शिल्लकीवर हा कर लागत नाही. म्हणून कमाईच्या हिशोबात खालच्याला तो जास्त बोचतो. एवढं पुस्तकात असतं.

पण आपल्याकडे ही धार बरीच बोथट केलेली आहे. सुटं धान्य, भाजी, दूध, अंडी, मासे, मीठ यांवर कर नाही. राहत्या घराच्या भाड्यावर नाही. रिक्षाला हात केलात तर नाही. सेकंड क्लासच्या पासावर नाही, फर्स्ट क्लासच्या पासावर ५ टक्के आहे. २०२३-२४ च्या उपभोग खर्चाच्या सरकारी पाहणीत शहरी माणसाच्या महिन्याच्या खर्चात जेवणखाणाचा वाटा साधारण ४० टक्के आला होता, गावात ४७. घर जितकं गरीब तितका हा वाटा मोठा आणि त्यातलं बरंचसं करमुक्त. तेव्हा "गरीब नागवला जातोय" असं एका दमात म्हणता येणार नाही.

दिव्याची_लोकल

सीए साहेब, फर्स्ट क्लासवर कर आहे आणि सेकंडवर नाही हे पहिल्यांदाच कळलं. दिव्याला सकाळी ८ ची गाडी पकडणाऱ्यांना सरकारने एवढा तरी दिलासा दिला म्हणायचा. लटकणं करमुक्त.

वाणी_कोपरखैरणे

दुकानदाराच्या बाजूने लिहितो. २२ वर्षं दुकान आहे.

जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के आला. कायदा काय म्हणतो? २५ किलोपर्यंतचं पाकीट असेल तर कर. मग बाजारात काय झालं असेल, ओळखा. तांदळाच्या गोण्या २६ किलोच्या आणि ३० किलोच्या झाल्या! मी वाशीच्या मार्केटमधून ३० किलोची गोणी आणतो, फोडतो आणि सुटा विकतो. गिऱ्हाइकाला कर शून्य. पाच किलोचं गुळगुळीत पाकीट नेतो त्याला ५ टक्के.

आता गंमत बघा. ज्याच्या हातात रोजचे पैसे येतात तो रोज अर्धा किलो सुटा तांदूळ नेतो, म्हणून तो वाचतो. पण तेल तो कशात नेणार? तेल पाकिटातच. चहाची पुडी, साखर, मसाला, सगळ्यावर ५. आणि माझं दुकान कंपोझिशनमध्ये, म्हणजे जीएसटीच्या छोट्या दुकानदारांसाठीच्या योजनेत आहे. मी गिऱ्हाइकाकडून कर वेगळा मागू शकत नाही, खरेदीवर भरलेला परतही मिळत नाही, वर उलाढालीवर १ टक्का खिशातून भरायचा. तो मी कुठून काढणार? भावातच धरतो. बिलावर दिसत नाही म्हणून नाही असं नसतं, ताई.

शून्य_शिल्लक

मी पगारदार, कर कापूनच हातात येतो. माझं स्पष्ट मत, न पटल्यास सोडून द्या.

देशात आयकर खरोखर भरणारे मूठभर. बाकीच्यांनी निदान साबणावर तरी भरावा की. रस्ते, पाणी, दिवे सगळे वापरतात. आणि खाडीकाठची ताई, सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचं तेल, बिस्किटं हे सगळं १८ वरून ५ वर आलंय. अजून किती खाली आणायचं?

पुन्हा_पनवेल

शून्य_शिल्लक, अर्धी गोष्ट सांगितलीत. अंगाच्या साबणाची वडी ५ वर आली. कपडे धुण्याची पावडर १८ वरच आहे. आणि त्याच दिवशी ए.सी. २८ वरून १८ वर आला. म्हणजे ए.सी. आणि कपड्यांची पावडर आता एकाच पंगतीला. पाकिटातलं पनीर शून्यावर. पनीर माझ्याही घरी येतं, तक्रार नाही, पण हे ठरवताना टेबलाभोवती कोण बसलं असेल ते कळतं.

आरोग्य विम्याचा हप्ता १८ वरून शून्य झाला, चांगलंच झालं. पण मावशींकडे पॉलिसी आहे का?

नौपाडा_सीए

वह्या, पेन्सिली, खोडरबर पण शून्यावर आले आणि बहुतेक औषधं १२ वरून ५ वर. तेही लिहा ना. दोन्ही बाजू सांगाव्यात.

झणझणीत_मामलेदार

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं काय झालं ते कुणी बोलत नाही. कर १८ वरून ५. पुडा पाचालाच. का, तर चार रुपये पंचेचाळीस पैसे सुटे कुठून आणायचे? मग म्हणे वजन वाढवलं. आमच्या किसननगरातल्या पोरांना वजन नको होतं, पन्नास पैसे हवे होते. रुपयाच्या शॅम्पूच्या पुडीचंही तेच. मोठी बाटली घेणाऱ्याला भाव उतरलेला दिसला, पुडीवाल्याला दोन थेंब जास्त मिळाले.

वाणी_कोपरखैरणे

मामलेदार, अगदी बरोबर. माझ्याकडे निम्मा धंदा पाच-दहाच्या पुड्यांचा आहे.

मिठागर

आमच्या आजोबांची पिढी मुलुंड-भांडुपच्या मिठागरांवर राबली, म्हणून या विषयावर न लिहून राहवत नाही.

"गरीब आणि श्रीमंत, दोघांना सारखाच कर" हा वाद इंग्रजांच्या काळात मिठावरून झाला होता. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकारला वर्षामागून वर्ष शिल्लक पडतेय आणि तुम्ही मिठावर मणाला अडीच रुपये कर का लावता, असा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी तो दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. गांधीजींची दांडी १९३० ची. म्हणजे चळवळीच्या कितीतरी आधी अंदाजपत्रकाच्या आकड्यांत शिरून एका मराठी माणसाने तो कर निम्म्याहून खाली आणण्यासाठी रेटा लावला होता.

मीठच का? कारण माणूस कितीही पैसेवाला झाला तरी भाजीत दुप्पट मीठ घालत नाही. उलट अंग मोडून घामाचं काम करणाऱ्यालाच ते जास्त लागतं. आमच्याकडे मिठागरावरची माणसं तळहातावर मीठ घेऊन भाकरी खायची, असं आजी सांगायची. आजच्या काळातलं मीठ कोणतं, ते शोधा. माझ्या मते साबण नाही. रिचार्ज.

खाडीकाठची

मिठागर, हे फार आवडलं. रिचार्जचा विचारच केला नव्हता.

नौपाडा_सीए

रिचार्जवर सरळ १८ टक्के आहे, सप्टेंबरमध्येही हलला नाही. २९९ चा मारलात तर त्यातले ४५ रुपये ६१ पैसे कराचे. किमतीतच धरलेला असतो, म्हणून कुणाला दिसत नाही.

दिव्याची_लोकल

आणि रिचार्ज न मारून चालत नाही. मुलाचा अभ्यास फोनवर, नाक्यावरच्या पेंटरला काम फोनवर, बँकेचा ओटीपी फोनवर. मिठासारखंच झालं की.

शून्य_शिल्लक

चैनीचे रील्स पण फोनवरच बघतात हो.

दिव्याची_लोकल

तुम्ही काय बघता, ज्ञानेश्वरीवरची प्रवचनं?

संपादक_मंडळाचा_मेहुणा

वैयक्तिक होऊ नका. पुढे चला.

मुलुंडनाका_रिटर्न

अवांतर आहे, पण राहवत नाही. कर दिसणं आणि न दिसणं यावरून जकात आठवली. आमच्या लहानपणी मुलुंड चेकनाक्याला ट्रकांची ती रांग! वडिलांनी भिवंडीहून टेम्पोत फ्रिज आणला तर आई दारात उभी राहून पहिलं विचारायची, "पावती फाडली का?" ठाण्यात २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला. मुंबईची जकात मात्र जीएसटी येईपर्यंत, म्हणजे जून २०१७ संपेपर्यंत चालू होती. नवी मुंबईत तेव्हा जकात नव्हती, उपकर होता, त्यावरून व्यापाऱ्यांचे आणि पालिकेचे वर्षानुवर्षं खटके.

सांगायचा मुद्दा, जकात सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायची कारण ती रस्ता अडवून वसूल व्हायची. आता नाका नाही, रांग नाही, म्हणून आपण भरत नाही असं वाटतं.

खारीगाव_खारुताई

नाक्यावरून टोल आठवला. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर गाड्यांचा टोल माफ झाला. वाशी, ऐरोली, आनंदनगर, मुलुंडचा एलबीएस आणि दहिसर. मी स्वतः नाचले, कारण रोज आनंदनगरवरून जाते. पण ट्रकांना टोल चालूच आहे. म्हणजे माझी गाडी फुकट, आणि मार्केटमधून मुंबईत जाणारी कोबी-फ्लॉवर पैसे भरून. तो कोबी कुणाच्या ताटात जातो?

ग्रुपवर अंगठे देणाऱ्या त्या सतरा जणांना विचारा, टोलमाफीला "फुकटचं" म्हणणार का.

शून्य_शिल्लक

टोलचा रस्ता आमच्याच पैशाने झालाय. तुलना चुकतेय.

खारीगाव_खारुताई

रेशनचं धान्यही मावशींच्या गावच्या शेतकऱ्याने पिकवलंय. तुलना चालू द्या.

ऑक्सफॅम_वाचलेला

सगळे इतकं लिहिताहेत आणि मूळ आकडा कुणी दिलाच नाही. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेच्या २०२३ च्या अहवालात होतं की जीएसटीचा सुमारे ६४ टक्के भाग खालच्या ५० टक्के लोकांकडून येतो आणि वरच्या १० टक्क्यांकडून फक्त ३ ते ४ टक्के. विषय संपला.

नौपाडा_सीए

विषय संपला नाही, तिथेच तो चिघळतो. त्या आकड्यावर तेव्हाच पुष्कळ टीका झाली होती. जरा डोळे मिटून विचार करा. गाड्या, विमानाची तिकिटं, हॉटेलं, फ्लॅट, महागडे फोन हे सगळं वरचे १० टक्के लोक घेतात आणि त्यांच्याकडून शंभरातले तीन-चारच रुपये येतात? तांदूळ-भाजी करमुक्त असताना खालचे निम्मे लोक चौसष्ट भरतात? रुपयांत मोजलं तर वरचेच जास्त भरतात, यात मला शंका नाही. कमाईच्या किती टक्के, हा वेगळा प्रश्न आहे आणि ताईंचा प्रश्न तोच आहे. दोन्हींची खिचडी केली की ग्रुपवरचे सद्गृहस्थ जिंकतात, कारण मग ते तुमचा एक आकडा पाडून सगळंच पाडतात.

ऑक्सफॅम_वाचलेला

बरं. नाव बदलून घेतो.

पुन्हा_पनवेल

सीए साहेब, पेट्रोल-डिझेल राहिलंच. ते जीएसटीत नाहीच. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईसाठी डिझेलवरचा व्हॅट २४ वरून २१ केला, पेट्रोलवरचा २६ वरून २५. शिवाय पेट्रोलवर लिटरला ५ रुपये १२ पैसे ठरलेले. मावशींकडे गाडी नाही, पण डिझेलवरचा कर भाजीतून, रेतीतून, टँकरमधून त्यांच्यापर्यंत पोचतोच.

व्यवसाय_करदाता

अप्रत्यक्ष करांवर एवढी शाई सांडलीत, एक प्रत्यक्ष कर सांगतो. प्रोफेशनल टॅक्स. महिना दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला अडीच हजार. मी वागळे इस्टेटला बारा हजारांवर हेल्पर होतो तेव्हा एवढाच कापायचे. आज ऐंशी हजार आहे, आजही एवढाच. आमचा एमडी पण तेवढाच भरतो. पावतीवर आम्ही दोघं समान. बायकांना निदान पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे.

ठाण्याचा_ठोंब्या

समाजवाद आला म्हणायचा.

सिंगापूरची_सून

इथे जीएसटी ९ टक्के आहे आणि तांदळालाही सुटका नाही. पण कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकार जीएसटी व्हाउचर म्हणून रोख पैसे परत देतं. म्हणजे वसूल सगळ्यांकडून सरसकट, आणि परत मोजून. आपल्याकडे उलटी रीत आहे, वस्तूवर सूट. वस्तूवरची सूट पनीर खाणाऱ्यालाही मिळते. तिथे दीड हजारांना "फुकटचे" म्हणतात, इथे त्या पैशांच्या नावातच जीएसटी आहे, म्हणून कुणी हिणवत नाही. सासूबाई कोपरीच्या आहेत, त्यांना हे पटत नाही, ते वेगळं.

वाणी_कोपरखैरणे

नाव बदलायचं तर बदला, पण यादी कोण करणार? कोण गरीब ते ठरवणारा कागद मिळवतानाच गरीब दमतो.

खाडीकाठची

चार दिवस आले नाही, कारण गृहपाठ करत होते. रविवारी मावशी आणि त्यांचा मुलगा आमच्याकडे बसले, आम्ही दोघांच्याही घरचा महिना लिहून काढला. मुलाने भागाकार केले.

आधी एक कबुली. ग्रुपवर जे फुकटचं रेशन आणि दीड हजार गाजले, ते मावशींना मिळतच नाहीत. रेशनकार्ड गावी, दिरांच्या घरात. वर्षाची कमाई अडीच लाखांच्या वर धरल्यामुळे ते दीड हजारही नाहीत. मी दोन वर्षं गृहीत धरून चालले होते की मिळतं. विचारलं कधी नव्हतं.

आता हिशोब. पाच घरांचे प्रत्येकी २,८०० म्हणजे १४,००० आणि नवऱ्याचे पेंटिंगचे सरासरी दहा. दिघ्यातलं भाडं, सुटा तांदूळ, भाजी, बांगडे, दूध, यावर शून्य, सीए साहेब म्हणाले तसंच. बाकी कर असा निघाला: तीन फोनचे रिचार्ज १३७, पावडर आणि तत्सम ५३, गॅस ४१, चहा-साखर-मसाला ३३, तेल ३०, बिस्किट-टोस्ट २४, साबण-पेस्ट १९, औषधं १४. एकूण ३५१ रुपये. कमाईच्या दीड टक्क्याला जरा कमी. नवऱ्याची तंबाखू धरलेली नाही. मावशी म्हणाल्या, "ते त्याचं त्याला विचारा."

आमचा निघाला साधारण १,९०० रुपये. दीड लाखांवर सव्वा टक्का. कारण ४८ हजारांचा हप्ता आणि २५ हजारांची एसआयपी, यांवर काही लागत नाही. आयकर वेगळा, तो आम्ही भरतो, मावशी भरत नाहीत, हेही खरं.

खरं सांगू, मला वाटलं होतं त्यापेक्षा फरक कमी निघाला. थोडी निराशच झाले, भांडायला दारूगोळा कमी पडला.

नौपाडा_सीए

ताई, उत्तम केलंत. दोन गोष्टी जोडा. वीजबिलात १६ टक्के वीज शुल्क असतं, ते जीएसटीत नाही. ७०० च्या आकारावर ११२ होतील, म्हणजे मावशींचे दोन टक्क्यांच्या जवळ जातात. आणि ज्या महिन्यात मुलाला नऊ हजारांचा फोन घेतील त्या एकाच महिन्यात १,३७० च्या वर कर जाईल, बहुधा व्याजाने काढलेल्या पैशातून. वाणीशेठ म्हणाले तो दडलेला कर तर कुणालाच मोजता येणार नाही.

मिठागर

३५१ ला २,८०० ने मोजा. एका घरचे पावणेचार दिवस. तुमच्या १,९०० चे तुमच्या पगारात किती दिवस होतात?

खाडीकाठची

अर्ध्या दिवसाहूनही कमी. हं.

मुलाने पण हेच काढलं होतं, मी लिहायचं टाळलं. आणि मावशींना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल? पावडरीचा नाही. "१३७ रुपये नुसते बोलण्याचे?"

शून्य_शिल्लक

माझं मत बदललेलं नाही. पण रिचार्ज ५ वर आणायला हरकत नसावी. मलाही फायदाच आहे.

खारीगाव_खारुताई

हे सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंत का?

खाडीकाठची

टाकलं. तीन अंगठे आले, मग एकाने स्टिल्टच्या पार्किंगचा विषय काढला. सद्गृहस्थ गप्प आहेत. स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे ठेवायचं ठरलंय, सकाळी ८ ते १२.

ठाण्याचा_ठोंब्या

आणि १२ नंतर?

खाडीकाठची

१२ नंतर त्या आमच्याकडे असतात.